पाऊल टाकण्यापूर्वी
वैद्यकीय संशोधन आणि स्वतंत्र समितीची राखण

बीडहून परळीकडे जाणारा रस्ता आणि माजलगावहून धारूरकडे जाणारा रस्ता जिथे एकमेकांना छेदतात, तिथे तेलगाव वसले आहे. धारूर तालुक्यातील हे गाव बाहेरच्यांना ठाऊक आहे ते मुख्यतः लोकनेते सुंदरराव सोळंके सहकारी साखर कारखान्यामुळे. गळीत हंगाम सुरू झाला की उसाने लादलेल्या बैलगाड्या, ट्रॅक्टर आणि मालमोटारी यांची रांग कारखान्याच्या दिशेने सरकू लागते. याच हंगामाची दुसरी बाजू बीड जिल्ह्यातील वाड्यावस्त्यांवर आणि तांड्यांवर दिसते. दसरा-दिवाळीच्या सुमारास तेथील कितीतरी घरांना कुलपे लागतात. म्हातारी माणसे आणि काही मुले मागे राहतात. बाकीचे बिऱ्हाड पश्चिम महाराष्ट्रातील किंवा कर्नाटकातील उसाच्या फडाकडे निघून जाते. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक ‘कोयता’. मुकादमाकडून घेतलेली उचल फिटेपर्यंत हा कोयता थांबत नाही. एखादा दिवस काम बुडाले तर ‘खाडा’ धरला जातो आणि त्याचे पैसे हिशेबातून वजा होतात.

२०१९ मध्ये या जिल्ह्याचे नाव एका वेगळ्याच कारणाने देशभर पोहोचले. ऊसतोड करणाऱ्या स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न विधिमंडळात गाजला आणि विधान परिषदेच्या उपसभापती डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली राज्य शासनाने चौकशी समिती नेमली. पाहणीत ८२,३०९ स्त्रियांची माहिती घेण्यात आली. त्यांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. म्हणजे साधारणपणे सहा जणींमागे एक. १५ ते ४९ या वयोगटातील भारतीय स्त्रियांमध्ये हेच प्रमाण शंभरात तीनच्या आसपास असल्याचे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीने नोंदवले होते.

हा प्रश्न उपचारांचा होता, संशोधनाचा नव्हता. पण त्यातून निघालेला धडा संशोधनालाही तितकाच लागू आहे. शस्त्रक्रियेपूर्वी संमतिपत्र घेण्याची रीत सर्वत्र आहे. तरीही डोक्यावर उचल असलेली, खाड्याची धास्ती बाळगणारी आणि दुखण्याला कंटाळलेली स्त्री जेव्हा ‘हो’ म्हणते, तेव्हा त्या होकारात तिची इच्छा किती आणि परिस्थितीचा रेटा किती, हे कागदावरच्या अंगठ्यावरून कळत नाही. ते विचारणारे तिसरे माणूस लागते. वैद्यकीय संशोधनात त्या तिसऱ्या माणसाची जागा स्वतंत्र समितीला दिलेली आहे.

एका माणसाचे दोन धर्म

अशी समिती का लागते, हे समजण्यासाठी वैद्य आणि संशोधक यांतील फरक ध्यानात घ्यावा लागतो. वैद्यासमोर एकच प्रश्न असतो: समोरचा रुग्ण बरा कसा होईल? संशोधकासमोर दुसरा प्रश्न असतो: हे औषध, ही लस किंवा ही तपासणी पुढे लाखो लोकांना उपयोगी पडेल का? दोन्ही प्रश्न सद्भावनेचेच आहेत. परंतु एकाच व्यक्तीच्या मनात ते एकत्र आले की कधीकधी पहिला प्रश्न दुसऱ्याच्या सावलीत जातो. माणूस वाईट असतो म्हणून तसे घडत नाही. आपल्या कामावर त्याची श्रद्धा असते म्हणून घडते. आपले औषध चांगले आहे, असे मनापासून वाटणारा संशोधकच त्याच्या दोषांकडे पाहायला सर्वांत उशीर लावतो.

दुसऱ्या महायुद्धात कैद्यांवर झालेल्या अमानुष प्रयोगांनंतर १९४७ साली न्यूरेंबर्गच्या न्यायालयाने स्वेच्छेने दिलेली संमती हा संशोधनाचा पाया ठरवला. १९६४ मध्ये जागतिक वैद्यकीय संघटनेने हेलसिंकी येथे संशोधनाच्या नीतीचे घोषणापत्र स्वीकारले. मात्र केवळ संमती आणि संशोधकाची सदसद्विवेकबुद्धी यांवर सारे सोपवता येत नाही, हे पुढच्या दशकात उघड झाले. अमेरिकेतील अलाबामा राज्यात टस्कीगी येथे उपदंशाने आजारी असलेल्या ३९९ गरीब कृष्णवर्णीय पुरुषांचे निरीक्षण १९३२ पासून चालू होते. पेनिसिलिन हा खात्रीचा उपाय हाती आल्यानंतरही त्यांना तो दिला गेला नाही. १९७२ मध्ये वृत्तपत्रांनी वाचा फोडली तेव्हाच ते निरीक्षण थांबले. चाळीस वर्षांत अनेक वैद्यांच्या नजरेखालून ते काम गेले होते. पण बाहेरच्या माणसाला विचारण्याची तरतूदच नव्हती.

१९७५ मध्ये टोकियो येथे हेलसिंकी घोषणापत्रात सुधारणा झाली. संशोधनाचा आराखडा खास नेमलेल्या स्वतंत्र समितीकडे विचारासाठी, अभिप्रायासाठी आणि मार्गदर्शनासाठी पाठवावा, असे त्यात प्रथम नमूद झाले. म्हणजे ही संस्था जन्मतः सल्लागार होती. सल्ल्याला कायद्याचे बळ पुढे मिळाले.

भारतात न्यायमूर्ती एच. आर. खन्ना यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या विचारांतून भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने १९८० मध्ये पहिले धोरणपत्र काढले. सविस्तर मार्गदर्शक तत्त्वे २००० मध्ये आली आणि २००६ व २०१७ मध्ये त्यांत भर पडली. औषधचाचण्यांना मान्यता देणाऱ्या समित्यांची नोंदणी २०१३ पासून बंधनकारक झाली. मार्च २०१९ मध्ये नवीन औषधे व वैद्यकीय चाचणी नियम लागू झाले. औषधचाचणीपलीकडच्या आरोग्यविषयक संशोधनावर देखरेख करणाऱ्या समित्याही त्यांनी नोंदणीच्या कक्षेत आणल्या.

समितीत कोण बसते?

२०१९ च्या नियमांनुसार नीतीविषयक समितीत, म्हणजेच प्रचलित भाषेत एथिक्स कमिटीत, किमान सात सदस्य असावे लागतात. त्यांपैकी निम्मे तरी त्या संस्थेबाहेरचे असावेत आणि अध्यक्षही बाहेरचा असावा. वैद्यकतज्ज्ञांबरोबर एक कायदेतज्ज्ञ, एक समाजशास्त्रज्ञ किंवा स्वयंसेवी संस्थेचा प्रतिनिधी, किंवा तत्त्वज्ञान, नीतिशास्त्र वा धर्मशास्त्र जाणणारी व्यक्ती असावी. एक तरी स्त्री असावी. आणि एक सदस्य असा असावा, जो वैद्यकाशी किंवा विज्ञानाशी संबंधित नसलेला, समाजातील सर्वसामान्य माणूस असेल.

हा शेवटचा सदस्य शोभेचा नाही. बैठकीसाठी किमान पाच जणांची उपस्थिती लागते आणि त्या पाचांत सर्वसामान्य सदस्य असावाच लागतो. सभागृहात दहा नामवंत डॉक्टर बसले आणि तो एक गैरहजर राहिला, तर चाचणीला मान्यता देता येत नाही. ज्या सदस्याचा एखाद्या प्रस्तावात हितसंबंध असेल, त्याने त्या चर्चेपासून दूर राहावे, असाही दंडक आहे.

चाचणी सुरू झाल्यावरही समितीचे काम संपत नाही. सहभागी व्यक्तीला गंभीर इजा झाली किंवा मृत्यू आला तर संशोधकाने चोवीस तासांच्या आत कळवावे लागते. समिती त्याचा विचार करून भरपाईविषयी आपले मत नियामकाला देते. चाचणीच्या ठिकाणी स्वतःची समिती नसेल तर त्याच शहरातील किंवा पन्नास किलोमीटरच्या परिघातील नोंदणीकृत समितीची मान्यता घेता येते. या अंतराच्या अटीमागे मोठा अर्थ आहे: देखरेख करणाऱ्याला ते गाव, तिथली भाषा आणि तिथली माणसे यांचा थोडा तरी परिचय असावा.

शेजारच्या जिल्ह्यातील एक गोष्ट

समितीपुढे येणारे प्रश्न किती अवघड असतात, हे पाहण्यासाठी तेलगावाहून फार दूर जावे लागत नाही. शेजारचा धाराशिव जिल्हा, पूर्वीचा उस्मानाबाद, जैन वाचकांना देशभूषण-कुलभूषण मुनींच्या सिद्धक्षेत्र कुंथलगिरीमुळे परिचित आहे. याच जिल्ह्यात १९९९ च्या अखेरीपासून गर्भाशयमुखाच्या कर्करोगासंबंधी एक मोठे संशोधन झाले. बार्शीचे नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालय, मुंबईचे टाटा मेमोरियल केंद्र आणि फ्रान्समधील लिआँ येथील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांचे ते संयुक्त काम होते. बार्शी येथे १९८७ पासून ग्रामीण भागातील कर्करोगाची नोंद ठेवली जात होती, त्यामुळे या कामाला भक्कम आधार होता.

गावांचे ५२ गट पाडण्यात आले आणि ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ निरोगी स्त्रिया अभ्यासात आल्या. पहिल्या समूहासाठी एचपीव्ही या विषाणूची चाचणी, दुसऱ्यासाठी पॅप चाचणी आणि तिसऱ्यासाठी ॲसिटिक आम्लाचा सौम्य द्राव लावून डोळ्यांनी करायची तपासणी ठरवली गेली. चौथ्या समूहातील ३१,४८८ स्त्रियांना अभ्यासातर्फे तपासणी दिली गेली नाही. जिल्ह्यात तेव्हा उपलब्ध असलेली नेहमीची आरोग्यसेवा आणि तपासणी कुठे करून घेता येईल याची माहिती, एवढेच त्यांच्या वाट्याला आले. या समूहाशी तुलना करूनच तपासणीचा लाभ मोजायचा होता.

एप्रिल २००९ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. एचपीव्ही चाचणीच्या समूहातील ३४,१२६ स्त्रियांमध्ये या कर्करोगाने ३४ मृत्यू झाले होते. तपासणी न दिलेल्या ३१,४८८ स्त्रियांमध्ये ६४. आयुष्यात एकदाच केलेल्या एका चाचणीने मृत्यूंचे प्रमाण जवळजवळ निम्म्यावर येते, ही गोष्ट मराठवाड्यातील स्त्रियांनी जगाला दाखवून दिली. पुढे २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने एचपीव्ही चाचणीला प्राधान्य दिले, त्यामागील पुराव्यांत धाराशिवच्या या स्त्रियांचा वाटा आहे.

पण त्या ६४ मृत्यूंचे काय? पॅप चाचणीने मृत्यू टळतात हे पाश्चात्त्य देशांत दशकांपूर्वीच दिसून आले होते. मग हजारो स्त्रियांना तपासणीविना ठेवणे योग्य होते का, असा प्रश्न पुढे उपस्थित झाला. मुंबईहून निघणाऱ्या ‘इंडियन जर्नल ऑफ मेडिकल एथिक्स’मध्ये २०१४ मध्ये त्यावर गंभीर वाद झाला. संशोधकांचे म्हणणे असे होते की, भारताच्या खेड्यांत तपासणीचा कोणताही कार्यक्रम तेव्हा अस्तित्वात नव्हता, परदेशातील महागडी पद्धत इथे चालेल याचा पुरावा नव्हता आणि कोणाकडूनही आधी मिळत असलेली सेवा काढून घेतलेली नव्हती. टीकाकारांचे म्हणणे असे होते की, गावात सेवा नाही ही गरिबी आहे. गरिबीला संशोधनाची सोय मानता येत नाही.

अनेकांतदृष्टीत वाढलेल्या वाचकाला इथे थांबावेसे वाटेल. दोन्ही बाजूंत सत्याचा अंश आहे. हे संशोधन झाले नसते तर कोट्यवधी स्त्रियांसाठी स्वस्त आणि परिणामकारक तपासणी कोणती, याचे उत्तर आणखी लांबले असते. तरीही चौथ्या समूहातील प्रत्येक मृत्यू हा एका घरातील आईचा, सुनेचा, बहिणीचा मृत्यू होता. अनेकांत म्हणजे दोन्ही बाजूंना मान डोलावून मोकळे होणे नव्हे. एका बाजूने पाहणाऱ्याला दुसरी बाजू दिसत नाही, हे ओळखून ती पाहणारा कोणीतरी तिथे बसवणे, हा त्याचा व्यवहारातील अर्थ आहे. तपासणीविना ठेवलेल्या समूहाची खरोखर गरज आहे का? असेल तर त्या स्त्रियांना तपासणी कधी मिळेल? त्यांना आपण कोणत्या समूहात आहोत हे समजले आहे का? उत्तर अपेक्षेपेक्षा लवकर स्पष्ट झाले तर अभ्यास कोण थांबवील? हे प्रश्न निकाल लागल्यानंतर विचारले तर ती टीका ठरते. आधी विचारले तर ते रक्षण ठरते.

चाललेल्या कामावर नजर

अभ्यास मध्येच थांबवण्याचा निर्णय कोणी करावा, यासाठी मोठ्या चाचण्यांमध्ये आणखी एक स्वतंत्र मंडळ नेमतात. त्याला माहिती व सुरक्षितता देखरेख मंडळ म्हणता येईल. कोणाला खरे औषध मिळाले आणि कोणाला औषधासारखी दिसणारी निरुपद्रवी गोळी, हे संशोधकापासूनही लपवलेले असते. हे मंडळ मात्र मधल्या टप्प्यावर ती माहिती उघडून पाहू शकते आणि पुढे जावे की थांबावे, याचा सल्ला देते.

अमेरिकेतील ‘कास्ट’ नावाच्या चाचणीने या मंडळाचे मोल सिद्ध केले. हृदयविकाराच्या झटक्यानंतर काही रुग्णांच्या हृदयाचे ठोके अनियमित होतात. ते नियमित करणारी एन्केनाइड आणि फ्लेकेनाइड ही औषधे त्या काळी सर्रास दिली जात. ठोके नियमित होतात म्हणजे जीव वाचत असणार, असा वैद्यांचा विश्वास होता. १९८९ मध्ये देखरेख मंडळाने आकडे पाहिले तेव्हा उलटेच चित्र दिसले: औषध घेणाऱ्या ७३० जणांत ५६ मृत्यू, तर न घेणाऱ्या ७२५ जणांत २२. मंडळाच्या सल्ल्यावरून त्या औषधांची चाचणी तत्काळ थांबली. चाचणीतले रुग्ण तर वाचलेच, पण चाचणीबाहेर ती औषधे घेणारे असंख्य रुग्णही वाचले. संशोधकांची लबाडी इथे कुठेच नव्हती. होता तो केवळ विश्वास.

महाराष्ट्राचा अनुभवही सांगण्यासारखा आहे. रोटाव्हायरसमुळे बालकांना होणाऱ्या अतिसारावरील भारतीय बनावटीच्या लसीची मोठी चाचणी २०११-१२ मध्ये दिल्ली, पुणे आणि वेल्लोर येथे झाली. एकूण ६,७९९ बालके तीत होती. पुण्याच्या केईएम रुग्णालय संशोधन केंद्राने वढू परिसरातील गावांत हे काम केले. त्यातील एक तृतीयांश बालकांना लसीऐवजी निरुपद्रवी द्राव मिळणार होता, म्हणून नैतिक प्रश्न इथेही होताच. प्रत्येक बालकावर बारीक लक्ष ठेवणे, अतिसार होताच उपचार देणे आणि स्वतंत्र मंडळाकडून सुरक्षिततेचा आढावा घेणे, ही त्या प्रश्नाची व्यवहारातील उत्तरे होती. पहिल्या वर्षात गंभीर अतिसाराविरुद्ध लस सुमारे ५६ टक्के परिणामकारक ठरली आणि २०१६ पासून टप्प्याटप्प्याने ती राष्ट्रीय लसीकरणात आली.

समिती या शब्दाचा जुना अर्थ

‘समिती’ म्हटले की आज डोळ्यांसमोर टेबल, खुर्च्या आणि इतिवृत्त येते. जैन परंपरेत मात्र हा शब्द फार जुन्या काळापासून वेगळ्या अर्थाने वापरला जातो. समिती म्हणजे जपून, सावधपणे केलेली प्रवृत्ती. पाच समिती आणि तीन गुप्ती मिळून अष्टप्रवचनमाता होतात. आई जशी बालकाला, तशा त्या साधूच्या आचाराला सांभाळतात. हा आचार मुळात साधूंचा आहे, पण त्यामागील विवेक श्रावकालाही सांगितला आहे. हिंसेचे मूळ प्रमादात आहे, बेसावधपणात आहे, ही जैन विचाराची ठाम भूमिका आहे. मनात दुष्टावा नसतानाही बेसावध माणूस हिंसेला कारण होतो. संशोधनाच्या इतिहासातील बहुतेक जखमा याच जातीच्या आहेत. म्हणून शब्दाचे हे दोन अर्थ शेजारी ठेवून पाहण्यासारखे आहेत.

ईर्यासमिती म्हणजे पायाखालचा जीव पाहून पाऊल टाकणे. समितीची लेखी मान्यता मिळाल्याशिवाय एकाही व्यक्तीला अभ्यासात घ्यायचे नाही, हा नियम तेच सांगतो. आधी पाहणे, मग चालणे. चालून झाल्यावर मागे वळून पाहण्यात चिरडलेल्या जिवाला काही लाभ नसतो.

भाषासमिती म्हणजे हितकर, मोजके आणि संशयरहित बोलणे. संमतिपत्र ज्या भाषेत असते ती भाषा सहभागी व्यक्तीला कळते का? ‘यादृच्छिक विभागणी’ असे छापून संशोधकाचे कर्तव्य संपत नाही. ‘तुम्हाला खरे औषध मिळेल की नाही हे चिठ्ठी टाकल्यासारखे ठरेल,’ असे सांगावे लागते. वाचता न येणाऱ्या व्यक्तीच्या वेळी निःपक्ष साक्षीदार हजर असावा लागतो. दुर्बल स्थितीतील व्यक्तींवर अगदी नव्या औषधाची चाचणी असेल तर संमतीचे ध्वनिचित्रमुद्रणही करावे लागते. २००९-१० मध्ये आंध्र प्रदेशातील खम्मम आणि गुजरातमधील वडोदरा येथे मुलींना एचपीव्ही लस देण्याच्या प्रकल्पात अनेक संमतिपत्रांवर पालकांऐवजी वसतिगृहांच्या अधीक्षकांच्या सह्या आढळल्या. त्या काळातील मुलींच्या मृत्यूंचा लसीशी संबंध नसल्याचे चौकशीत सांगितले गेले. पण संमतीच्या प्रश्नावर संसदीय स्थायी समितीने २०१३ मध्ये कडक ताशेरे ओढले. लस चांगली असणे आणि विचारण्याची रीत चांगली असणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

एषणासमिती म्हणजे निर्दोष तेच ग्रहण करणे. संशोधनाचा पैसा कोठून येतो, निकाल कोणाला लाभाचा आहे, सहभागींना दिले जाणारे पैसे प्रवासखर्च व बुडालेली मजुरी भरून काढणारे आहेत की गरजेला भुलवणारे, हे प्रश्न या कक्षेतले.

आदान-निक्षेपणसमिती म्हणजे वस्तू जपून उचलणे आणि जपून ठेवणे. घेतलेले रक्त, काढलेली छायाचित्रे, लिहून घेतलेला कौटुंबिक इतिहास ही सारी परक्याची ठेव आहे. ती ज्या कामासाठी मागितली त्याच कामासाठी वापरायची. दुसरे काम निघाले तर पुन्हा विचारायचे. आणि ती ठेव कोणाच्या बोलण्यातून बाहेर पडू नये, यासाठी मन, वचन आणि काया यांच्या गुप्तीचे स्मरण पुरेसे आहे.

पाचवी उत्सर्गसमिती, म्हणजे टाकून देतानाही जिवाला इजा होऊ नये याची काळजी. अभ्यास संपल्यावर गावात काय मागे राहते? सहभागींना निष्कर्ष सांगितले जातात का? उपयोगी ठरलेले औषध त्यांना मिळते का? पथक निघून गेल्यावर अर्धवट उपचार घेतलेली व्यक्ती कोणाच्या दारात जाणार? अनेक प्रस्ताव सुरुवातीविषयी पानेच्या पाने लिहितात आणि शेवटाविषयी दोन ओळी. समितीने त्या दोन ओळींपाशी थांबायला हवे.

रिकामी राहू नये अशी खुर्ची

नियम चांगले असले म्हणून समित्या आपोआप चांगल्या होत नाहीत. समिती बहुधा ज्या संस्थेचे संशोधन असते तिनेच नेमलेली असते. सदस्यांना स्वतःचे व्यवसाय सांभाळून जाडजूड प्रस्ताव वाचायचे असतात. डॉक्टरांच्या सभेत बिगरवैद्यकीय सदस्याला बोलण्याचा संकोच वाटतो, आणि ‘ते तज्ज्ञ आहेत, त्यांना कळते’ असे म्हणून तो सही करतो. त्या क्षणी समिती कागदावर पूर्ण असते आणि प्रत्यक्षात रिकामी.

दुसरे टोकही टाळायला हवे. कष्टकरी, गरीब, स्थलांतरित माणसे दुर्बल आहेत म्हणून त्यांच्यावर संशोधनच नको, असे म्हणणे दयेचे वाटले तरी न्यायाचे नाही. उन्हात बारा-बारा तास राबणाऱ्या शरीराचे काय होते, रक्तक्षयाचा त्यावर कोणता परिणाम होतो, मूत्रपिंडांना काय सोसावे लागते, हे त्यांच्यातच शोधावे लागेल. मध्य अमेरिकेतील ऊसतोड कामगारांमध्ये मूत्रपिंडाच्या विकाराचे प्रमाण मोठे असल्याचे तेथील अभ्यासांतूनच जगाला कळले. ज्यांच्याविषयी कोणी विचारतच नाही, त्यांचे दुखणे पुस्तकांत येत नाही आणि जे पुस्तकांत येत नाही त्याचे औषध दवाखान्यात येत नाही. स्वतंत्र समितीचे काम संशोधनाची वाट अडवण्याचे नाही. ती वाट कोणाच्या अंगावरून जाऊ नये, एवढे पाहण्याचे आहे.

आता समजा, तेलगावच्या परिसरात रक्तक्षयावरील नव्या गोळीचा अभ्यास करण्याचा प्रस्ताव एखाद्या समितीपुढे आला आहे. हेतू चांगला, औषध सुरक्षित, आकडेमोड निर्दोष. ऑगस्टमध्ये सुरुवात, पुढे आठ महिने दरमहा रक्ततपासणी. सभागृहातील तज्ज्ञ मात्रेची आणि दुष्परिणामांची चर्चा करतात. सारे समाधानी होतात. मग कोपऱ्यातील सर्वसामान्य सदस्य विचारतो, “दिवाळीनंतर या बायका इथे असतील का?”

सभागृह क्षणभर शांत होते. तो पुढे विचारतो, फडावर चक्कर आली तर कोणत्या डॉक्टरला सांगायचे? तपासणीसाठी एक दिवस गेला तर खाड्याचे पैसे कोण भरणार? मुकादमाने सांगितले म्हणून त्या हो म्हणत आहेत की स्वतःहून? नको म्हटले तर गावच्या दवाखान्यात पुढे त्यांच्याकडे पाहण्याची नजर बदलेल का? यांतील एकाही प्रश्नाला वैद्यकीय पदवी लागत नाही. हंगाम कधी सुरू होतो हे ठाऊक असावे लागते, आणि समोर नसलेल्या माणसाची आठवण असावी लागते.

अशा प्रस्तावात मग गोळी बदलत नाही; अभ्यासाची मांडणी बदलते. हंगाम संपवून कोयते परतल्यावर सुरुवात होते, किंवा फडाजवळच्या आरोग्यकेंद्रांशी आधी बोलणे होते. बुडालेल्या दिवसाची भरपाई खर्चात धरली जाते. संमती घेताना मुकादमाला बाहेर बसवले जाते. आणि निम्म्यावर गळालेल्या सहभागींमुळे वाया गेला असता तो अभ्यासही विज्ञान म्हणून अधिक खरा ठरतो.

जैन समाजाने रुग्णालये, धर्मादाय दवाखाने आणि शिबिरे यांवर पिढ्यान्‌पिढ्या औदार्याने खर्च केला आहे. समाजातील कितीतरी व्यापारी, शिक्षक, वकील आणि गृहिणी अशा संस्थांच्या विश्वस्त मंडळांवर आहेत. त्यांच्यापैकी कोणाला तरी उद्या अशा समितीवर येण्याचे निमंत्रण मिळेल. ते मानाचे पद समजून स्वीकारता येईल. पण त्याचे खरे मोल तिथे हजर राहण्यात, कागद वाचण्यात आणि न कळलेली गोष्ट न लाजता विचारण्यात आहे. दान हाताने देता येते. अभयदानासाठी डोळे उघडे ठेवावे लागतात.

तेलगावच्या चौकातून दरवर्षी गाड्या निघतील आणि हंगाम सरला की परततील. त्या गाडीत बसलेल्या बाईला एथिक्स कमिटी हा शब्द कदाचित कधीच कळणार नाही. तिला तो कळण्याची गरजही नाही. तिच्या वतीने विचारणारे कोणीतरी त्या बैठकीत बसलेले असावे, एवढेच पुरे आहे.